डोंगर कुठे पळून जातोय

परवा दुपारच्या मीटिंगमध्ये एक नवाच माणूस होता, दुसऱ्या शहरातल्या ऑफिसातला. तिमाहीचे आकडे चालले असताना तो मध्येच थांबला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं बॅकग्राउंड फार छान आहे. हे चित्र कुठे मिळतं?" माझ्यामागे खिडकी होती आणि खिडकीत डोंगर. मी खुर्ची सरकवली, खिडकी उघडली आणि हात बाहेर काढून हलवून दाखवला, तेव्हा कुठे त्याला पटलं. मग पडद्यावरच्या सगळ्या चौकोनांतून एकदम हळहळ ऐकू आली. "मजा आहे तुमची! रोज सकाळी वर जात असाल." मी म्हटलं, "हो, म्हणजे, जमेल तसं," आणि घाईघाईने पुढच्या स्लाइडवर गेले.

मीटिंग संपल्यावर मात्र डोंगराकडे जरा नीट पाहिलं. उजव्या अंगाला, अर्ध्या उंचीवर, काहीतरी पांढरं दिसत होतं. घर असेल, खडक असेल, नाहीतर आणखी काही. इतक्या दिवसांत ते कधी लक्षातच आलं नव्हतं.

या नोकरीचं पत्र आलं तेव्हा त्यात पगार, विमा आणि रजा यांच्या खाली डोंगराचा एक परिच्छेद होता. ऑफिसपासून जवळच पायवाटा, तळं, सायकलींना वेगळे रस्ते, प्रस्तरारोहणासाठी कडे. तो परिच्छेद मी पुन्हा पुन्हा वाचला. पगाराची ओळ जरा भराभर वाचली. हे माझं एकटीचं खूळ नाही, असं पुढे वाचनात आलं तेव्हा बरं वाटलं. जेनिफर रोबॅक नावाच्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली हाच हिशेब मांडला आहे: जिथे राहायला छान वाटतं तिथे माणसं कमी पगारावर तयार होतात आणि वर जास्त भाडंही देतात. म्हणजे डोंगराचा हप्ता दोन्हीकडून कापला जातो, थोडा पगारातून आणि थोडा घरभाड्यातून. पत्रात तेवढं लिहिलेलं नव्हतं.

हप्ता जातोच आहे तर वस्तू वापरावी, म्हणून आम्ही आधी खरेदी केली. जाड तळव्याचे बूट आणले, चढताना टेकायच्या काठ्या आणल्या. पाठीवरची एक पिशवी आणली, तिला इतके पट्टे आहेत की त्यांतले निम्मे कशासाठी आहेत ते मला अजून कळलेलं नाही. सध्या तिच्यातून लॅपटॉप जातो-येतो. लॅपटॉपला पाठीचा आधार फार छान मिळतो.

आणि मग सुरू झालं ते डोंगराजवळ राहणाऱ्या माणसाचं आयुष्य. आज जरा उशीर झालाय. उद्या ढग आहेत. पुढच्या आठवड्यात काम कमी आहे, तेव्हा सावकाश जाऊ. डोंगर कुठे पळून जातोय? याच डोंगरासाठी लांबून माणसं येतात. दोन दिवसांची रजा काढतात, पहाटे उठतात, माथा गाठतात, तळ्यात पाय सोडून बसतात, उतरताना घसरतात आणि ते खरचटलेलं कौतुकाने घरी घेऊन जातात. सुझान शू आणि आयलेट नीझी या दोघी संशोधकांनी २०१० मध्ये यावर एक लेखच लिहिला. शिकागो, डॅलस, लंडनसारख्या शहरांत त्यांना दिसलं की तिथे वर्षभर राहिलेल्यांपेक्षा थोड्या दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यांनी शहरातल्या जागा जास्त पाहिल्या होत्या. राहणारी माणसं घाईला लागतात ती गाव सोडायची वेळ आली की.

हे वाचलं आणि बाबा आठवले.

बाबांची बदलीची नोकरी. आदेश आला की संध्याकाळी ते आम्हा भावंडांना समोर बसवायचे आणि नव्या गावाची जाहिरात करायचे. "तिथे नदी आहे. अगदी घरामागे." पुढच्या वेळी, "तिथे जंगल आहे, हरणं दिसतात." आई विचारायची, "शाळा किती लांब आहे?" बाबा म्हणायचे, "शाळा आहेच गं. शाळा काय, सगळीकडे असते. पण जंगल!" आई ट्रंका खाली काढायला उठायची. बाबांची जाहिरात तिच्यासाठी नव्हतीच. ती आमच्यासाठी होती, आणि आता वाटतं, बरीचशी त्यांच्या स्वतःसाठी.

एका गावी धबधबा होता. कागदोपत्री होता असं म्हणू. गेलो त्या पहिल्या आठवड्यात जायचं ठरलं, पण सामान लागलं नव्हतं. मग परीक्षा आली. मग बाबांचं ऑडिट आलं. पावसाळ्यात शेजारी म्हणायचे, "आता बघा जाऊन, काय पडतोय!" बाबा म्हणायचे, "जाऊ ना, या रविवारी नक्की." रविवारी ते दुपारी पेपर तोंडावर घेऊन झोपायचे आणि आम्ही दोघं दाराशी चपला घालून बसायचो. काही रविवारांनंतर चपला घालणं आम्हीही सोडलं. धबधबा होता, आम्ही होतो, दोघांचं बरं चाललं होतं.

मग बदलीचा आदेश आला. घरात खोक्यांचे ढीग लागले होते, आणि शेवटच्या रविवारी बाबा सकाळी सहालाच तयार! "चला. इतकी वर्षं राहून धबधबा न बघता गेलो तर लोक काय म्हणतील?" आम्ही चौघं गेलो. आता, बदल्या होतात उन्हाळ्यात, मुलांच्या सुट्टीत. हे बाबांना माहीत होतं, धबधब्याला माहीत नव्हतं. तिथे एक उंच काळा कडा होता आणि त्याच्या पायाशी वाळलेलं शेवाळ. थेंब नाही. बाबा थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले, मग हाताने वरून खाली दाखवत म्हणाले, "हे बघा, तिथून असं सुटतं, मधे त्या दगडावर आपटतं, आणि मग इथे." हे त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे. आई त्यांच्या बोटाच्या मागोमाग पाहत राहिली आणि म्हणाली, "छान आहे." ती गंमत करत नव्हती, असं मला अजून वाटतं.

असो. ऑफिसात खरे डोंगरवालेही आहेत. सोमवारी ते लंगडत येतात आणि खूश असतात. त्यांच्या मनगटावरची घड्याळं वेळ सोडून सगळं सांगतात. त्यांच्यातल्या एकाने मला चढाईचं गणित समजावलं. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये घालून दिलेला नियम: दर तीन मैलांना एक तास धरायचा, आणि चढ असेल तर दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. सव्वाशे वर्षं उलटली तरी लोक त्यावरून अंदाज बांधतात. नियम चांगला आहे, पण नेस्मिथसाहेबांनी घरातून बाहेर पडायला लागणारा वेळ धरलेला नाही. किल्ल्या शोधा, पाणी भरा, कुणाचा तरी फोन घ्या, गॅस बंद केला का ते पाहायला परत या. आमच्याकडे हा वेळ चढाईपेक्षा जास्त भरतो.

मला जवळचे वाटतात ते जॉर्ज हडसन. लहानपणी लंडन, मग वडिलांबरोबर न्यूझीलंड, आणि पुढे वेलिंग्टनच्या पोस्टात नोकरी. गृहस्थांना नाद किडे गोळा करण्याचा. सभोवार डोंगर, झाडी, आणि त्यांत कुणी पाहिलेले नसतील असे किडे. आणि हे टपालात! कामावरून सुटून बाहेर पडावं तर उजेड गेलेला. आपल्यासारख्यांनी साहेबाला नावं ठेवली असती. हडसन यांनी १८९५ मध्ये तिथल्या विद्वानांच्या सभेपुढे निबंध वाचला, की उन्हाळ्यात घड्याळं दोन तास पुढे करा, म्हणजे काम उरकल्यावर माणसाला उजेड उरेल. एका माणसाला किडे धरता यावेत म्हणून सगळ्या देशाने लवकर उठायचं! लगेच कुणी मनावर घेतलं नाही. न्यूझीलंडने घड्याळ पुढे करण्याचा कायदा केला तो १९२७ मध्ये, आणि तोवर हडसन निवृत्त झालेले होते. त्यांना अख्खा दिवस मोकळा होता.

डोंगराजवळ राहून माणूस सुखी होतो का, हाही प्रश्न कुणीतरी विचारलेलाच आहे. डॅनियल कानेमान आणि डेव्हिड श्केड यांनी १९९८ मध्ये अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या आणि कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना आपापल्या आयुष्याबद्दल विचारलं. समाधान दोन्हीकडे सारखंच निघालं. पण कॅलिफोर्नियातली मुलं जास्त सुखी असणार, असा दोन्हीकडच्या मुलांचा अंदाज होता. लांबून पाहणाऱ्याला तिथलं ऊन दिसतं, तिथे राहणाऱ्याला उद्याची परीक्षा. माझा मीटिंगमधला मित्रही असाच लांबून पाहत होता.

तरी माझं थोडं वेगळं म्हणणं आहे. पूर्वीच्या घरात खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत होती. तिथेही मी रविवारी घरीच असायचे, पण चिडलेली. इथे मी घरी असते आणि चिडत नाही. जायचं असेल तर जाता येतं, आणि आज मला जायचं नाहीये. यात काहीतरी सूक्ष्म सुख आहे, असं मी नवऱ्याला समजावून सांगितलं. तो बूट झटकत होता. म्हणाला, "ते सुख मला उतरताना सांग. चल." मी नाही गेले. मुद्दा सिद्ध करायचा होता.

तर ते पांढरं काय आहे, हे मी दुसऱ्या दिवशी आमच्या रिसेप्शनवरच्या बाईंना विचारलं. त्या इथल्याच, डोंगराच्या पायथ्याला वाढलेल्या. म्हणाल्या, "पाण्याची टाकी. तीन नंबरची वाट म्हणता ना तुम्ही लोक, ती तिच्या बाजूने जाते. आम्ही राहायचो तेव्हा तिला नंबर नव्हता. आमच्या दारावरूनच जायची."

"मग आता कुठे राहता?"

"पलीकडे. दोन बस बदलून. इकडची भाडी परवडेनात."

भाडी कुणामुळे वाढली, ते त्या बोलल्या नाहीत. मला रोबॅकबाईंचा हिशेब आठवला. माझा हप्ता मी भरते आहे असं मी धरून चालले होते. अमेरिकेत वायोमिंगमध्ये जॅक्सन म्हणून डोंगरातलं गाव आहे, श्रीमंतांच्या आवडीचं. तिथे राबणाऱ्या कितीतरी माणसांना गावात राहणं परवडत नाही, म्हणून ती शेजारच्या आयडाहो राज्यातून रोज टेटन खिंड ओलांडून कामाला येतात. २०२४ च्या जूनमध्ये खिंडीतला रस्ता खचला आणि पर्यायी तुकडा तयार होईपर्यंत काही आठवडे ही माणसं लांबच्या वळशाने कामावर येत राहिली. डोंगर पाहायला नव्हे, डोंगर पाहायला आलेल्यांची कामं करायला.

बाईंनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. मी सही केली.

"तुम्ही गेलात का वर?" त्यांनी विचारलं.

"या रविवारी जाणार आहे."

"रविवारी पाऊस आहे," त्या म्हणाल्या आणि वाजणारा फोन उचलला.