तुम्ही विचारलंत म्हणून : पहिला ‘डायब्लो’ आज खेळावा का?

मी व्हिडिओ गेमविषयी लिहितो हे कळल्यावर लोक जे मोजके प्रश्न हमखास विचारतात, त्यांतला एक असा : ‘डायब्लो’चा चौथा भाग 2023 पासून बाजारात आहे, दुसऱ्या भागाची नव्याने रंगवलेली आवृत्ती 2021 पासून मिळते, मग 1996 च्या अगदी शेवटी निघालेला पहिला भाग आज कोणी कशासाठी खेळावा? विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मालिकेतला कुठला ना कुठला पुढचा भाग खेळलेला असतो आणि पहिल्याबद्दल त्यांच्या मनात एक आदरयुक्त शंका असते. जुन्या मंडळींना तो आवडतो म्हणजे त्यामागे केवळ आठवणींचा ओढा असणार, असे त्यांना वाटत असते. माझे उत्तर असे आहे की तो अवश्य खेळावा, मात्र पुढच्या भागांचा कच्चा खर्डा म्हणून नव्हे. पुढचे सगळे भाग वस्तू गोळा करण्याच्या हावेवर चालतात आणि पहिला भीतीवर चालतो. हा फरक इतका मुळातला आहे की नाव एक असले तरी हे दोन निराळ्या जातीचे गेम आहेत असे मी मानतो.

ज्यांनी तो पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ट्रिस्ट्रम नावाचे एक छोटेसे गाव आहे, गावाच्या टोकाला एक भ्रष्ट झालेले कॅथेड्रल आहे आणि त्याच्या खाली एकाखाली एक असे 16 मजले आहेत. पहिले चार कॅथेड्रलचे, पुढचे चार दफनभुयारांचे, त्याखाली चार गुहांचे आणि सर्वांत खाली चार नरकाचे. योद्धा, धनुर्धर स्त्री आणि मांत्रिक यांपैकी एकाची निवड करायची आणि उतरत जायचे. बस्स, एवढाच गेम. गावात ग्रिसवोल्ड लोहार आहे, पेपिन वैद्य आहे, ओग्डेनचा गुत्ता आहे, त्या गुत्त्याचे कायमचे गिऱ्हाईक असलेला फार्नहॅम आहे, नदीपलीकडे एड्रिया चेटकीण आहे आणि लाकडी पायाचा विर्ट नावाचा एक बेरकी पोरगा आहे, जो एकुलती एक वस्तू नुसती दाखवण्यासाठी 50 सुवर्णमुद्रा आधी वाजवून घेतो. ‘जरा थांब, ऐकून जा’ म्हणणारा म्हातारा केन येथलाच. ही सारी माणसे गाव सोडून का गेली नाहीत, असा प्रश्न पडतो. त्यांच्याशी बोलत राहिले की प्रत्येकाचे कारण हळूहळू कळते, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते कारण धैर्याचे नसून थकव्याचे असते.

हा गेम असा का झाला हे समजण्यासाठी त्याच्या जन्माची हकिकत उपयोगी पडते. डेव्हिड ब्रेविक आणि मॅक्स व एरिक हे शेफर बंधू यांनी कॅलिफोर्नियात काढलेली काँडोर ही लहानशी कंपनी त्याची मूळ निर्माती. 1996 मध्ये ती ब्लिझार्ड या गेम कंपनीने विकत घेतली आणि तिचे नाव ब्लिझार्ड नॉर्थ झाले. गेमचे नाव सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेकडील माउंट डायब्लो या डोंगरावरून घेतलेले आहे, कारण ब्रेविक त्याच्या परिसरात राहिलेला होता. त्याच्या डोक्यात होते ते ‘मोरिया’ आणि ‘अँगबँड’सारखे जुने, अक्षरांनी काढलेले भुयारी गेम, ज्यांत भुयार दर वेळी नवे तयार होते, खेळाडूने एक पाऊल टाकले की राक्षस एक पाऊल टाकतो आणि मेलात की मेलात. ‘डायब्लो’सुद्धा आधी अशाच पाळीपाळीने चालणाऱ्या पद्धतीचा होता. तो सलग वेळेत चालावा असा ब्लिझार्डचा आग्रह होता आणि ब्रेविकचा त्याला विरोध होता. कार्यालयात मतदान झाले, ब्रेविक हरला, आणि मग हे काम फार मोठे आहे असे वर कळवून त्याने ते प्रत्यक्षात एका दुपारीच उरकले. ही गोष्ट त्याने स्वतःच 2016 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये सांगितली आहे. युक्ती साधी होती. पाळीची व्यवस्था मोडायचीच नाही, फक्त पाळ्या इतक्या भराभर चालवायच्या की खेळणाऱ्याला त्यांतले सांधे दिसू नयेत. गेमचे घड्याळ सेकंदाला 20 ठोके देते आणि त्या ठोक्यांवर सगळे हलते.

आज खेळताना हे सांधे थोडे निरखले तर दिसतात, आणि माझ्या मते गेमची सारी ताकद तिथेच आहे. जमीन चौकोनांत विभागलेली आहे. तुमचा योद्धा एका चौकोनातून निघाला की पुढच्या चौकोनात पोहोचल्याशिवाय थांबू शकत नाही किंवा वळू शकत नाही. धावणे नाही, उडी नाही, लोळण घेऊन वार चुकवणे नाही. घाव खाल्ल्यावर तो क्षणभर कळवळतो आणि त्या क्षणात तुमच्या क्लिकला काही किंमत नसते. चार सांगाड्यांनी घेरले तर हा कळवळण्याचा क्षण एकापाठोपाठ एक येत राहतो आणि माणूस जागच्या जागी संपतो. त्यामुळे जरा अनुभव आला की खेळाडू आपोआप दारात उभा राहायला शिकतो, कारण चौकटीतून एका वेळी एकच शत्रू येऊ शकतो. दार उघडायचे, दोन पावले मागे यायचे, अंधारात काय हलते आहे ते ऐकायचे. अंधारही येथे केवळ सजावटीचा नाही. तुमच्याभोवती उजेडाचे एक वर्तुळ असते, ते काही वस्तूंनी वाढते आणि काहींनी कमी होते, आणि त्या वर्तुळाबाहेर जे आहे ते बहुतेक वेळा आधी ऐकू येते. पुढच्या भागांत नायक धावू लागला आणि हा सगळा मामला संपला. धावणाऱ्या माणसाला भीती दाखवणे फार कठीण असते.

खाटकाचा प्रसंग याचे उत्तम उदाहरण आहे. कॅथेड्रलच्या बाहेर एक जखमी माणूस पडलेला असतो. आर्चबिशप लाझारसने आम्हाला फसवून खाली नेले, खाटीक नावाच्या राक्षसाने सगळ्यांना कापले, आमचा सूड घ्या, एवढे सांगून तो मरतो. दुसऱ्या मजल्यावर फिरताना एक लहान, चारी बाजूंनी बंद खोली लागते. ती इतर कोणत्याही खोलीसारखी नसते, कारण आत फरशीपासून भिंतीपर्यंत सगळे लाल असते आणि प्रेते टांगलेली असतात. दार उघडताच आतून आवाज येतो, ‘अहा, ताजं मटण!’, आणि सुरा घेतलेला एक धिप्पाड देह थेट तुमच्याकडे निघतो. येथवर भेटलेले सांगाडे आणि प्रेते रेंगाळत चालणारी होती. हा तसा नाही. तुम्ही पाठ फिरवून पळायला बघता तेव्हा लक्षात येते की पळणे नावाची गोष्टच या गेममध्ये नाही, फक्त चालणे आहे, आणि त्याच्या चालीत काहीही कमी नाही. जिना जवळ असेल तर वाचाल, कारण राक्षस मजला ओलांडत नाहीत. नसेल तर पेपिनकडच्या, प्राणशक्ती भरून देणाऱ्या लाल बाटल्या एकामागून एक रिकाम्या करत झुंजायचे. धनुर्धर स्त्री असेल तर गजांच्या जाळीआडून बाण मारण्याची एक जुनी पळवाट आहे, आणि ती वापरण्यात मला कधीही कमीपणा वाटलेला नाही. मराठी भयकथेच्या वाचकाला वाड्यातली ती एक बंद खोली आणि उघडू नका म्हणून बजावणारी गावची माणसे नवी नाहीत. येथे फरक एवढाच की कडी आपल्याच हाताने काढावी लागते.

भीतीचे दुसरे मूळ असे की या गेममध्ये काही नुकसाने भरून येत नाहीत. थोडे खाली गेल्यावर ‘ब्लॅक डेथ’ नावाची चालती प्रेते भेटतात. त्यांचा प्रत्येक लागलेला घाव तुमच्या प्राणशक्तीची कमाल मर्यादाच एका गुणाने कायमची घटवतो. वैद्य काय, बाटली काय, कशानेही ते परत मिळत नाही. भुयारांतून गूढ नावांची देवस्थाने विखुरलेली आहेत. त्यांना हात लावला की एक कोड्यासारखी ओळ उमटते आणि काहीतरी घडून गेलेले असते. त्यांपैकी एक अग्निबाणाची विद्या दोन पायऱ्यांनी वाढवते, पण मंत्रशक्तीची कमाल मर्यादा एक दशांशाने कायमची कापून घेते. योद्ध्याला आपले शस्त्र स्वतः दुरुस्त करता येते, मात्र प्रत्येक दुरुस्तीगणिक त्या शस्त्राचे एकूण आयुष्य कमी होते, आणि नीट काम हवे असेल तर वर येऊन ग्रिसवोल्डला पैसे मोजावे लागतात. आजचा कोणताही रचनाकार असे नियम पहिल्याच बैठकीत खोडून टाकील, आणि खेळाडूच्या सोयीचा विचार केला तर त्याचे बरोबरच असेल. पण त्या खोडण्याबरोबर अनोळखी देवस्थानासमोर हात आखडण्याचा अनुभवही जातो.

हावेचे बीज अर्थात याच गेममध्ये आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. मेलेल्या राक्षसातून काय पडेल याची ओढ, ओळख न पटलेली वस्तू केनपुढे धरून 100 मुद्रा मोजताना वाटणारी धाकधूक, हे सारे येथूनच सुरू झाले आणि 2000 सालच्या दुसऱ्या भागाने त्याची शास्त्रशुद्ध शेती केली. मी स्वतः त्या शेतीत पुष्कळ राबलो आहे, तेव्हा तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण पहिल्या भागात ही हाव अजून लगामात आहे. पिशवीत 40 चौकोन, सोन्यालाही जागा लागते आणि एका ढिगात 5000 च्या वर मुद्रा मावत नाहीत. सामान ठेवायला पेटी नाही. म्हणून एकट्याने खेळणारा माणूस आपली संपत्ती चक्क ट्रिस्ट्रमच्या रस्त्यावर ओतून ठेवतो. कोणी चोरत नाही. गावाच्या मधोमध सोन्याचे ढीग पडलेले आहेत आणि गावकऱ्यांना त्यांचे सोयरसुतक नाही, हे दृश्य विनोदी आहे खरे, पण त्या गावाच्या मनःस्थितीला शोभणारेही आहे.

मॅट युलमनने रचलेल्या संगीताविषयी वेगळे प्रकरण लिहिता येईल. येथे इतकेच म्हणतो की ट्रिस्ट्रमची बारा तारांच्या गिटारवरची धून ऐकल्याशिवाय या गेमबद्दल मत बनवू नये.

आता जे आज खरोखर खटकते तेही सांगतो. गावातले चालणे कंटाळवाणे आहे. एड्रियाकडे जाऊन परत येणे म्हणजे भीतीही नाही आणि मौजही नाही, निव्वळ पायपीट. मजल्यांच्या खालच्या टप्प्यात लांबून मारा करून मागे सरकणाऱ्या राक्षसिणी योद्ध्याला अक्षरशः दमवतात, आणि तेथे लढाईपेक्षा पाठलागच जास्त होतो. तीन पात्रांतला फरक वाटतो तेवढा खोल नाही, कारण पोथी सापडली आणि बुद्धी पुरेशी असली की कोणीही कोणताही मंत्र शिकू शकतो. प्रत्येक वारासाठी वेगळी क्लिक हवी, त्यामुळे मनगट दुखते. आणि सर्वांत खालचे काही मजले आधीच्या मानाने घाईने उरकल्यासारखे वाटतात. गुहांपर्यंत जो दबाव हळूहळू चढत जातो, तो नरकात पोहोचल्यावर नुसत्या गर्दीत विरतो.

तरीही शेवट विसरता येत नाही. ज्यांना तो कळू नये असे वाटते त्यांनी हा परिच्छेद सोडावा. सोळाव्या मजल्यावर ज्याच्या नावाचा हा गेम तो सैतान डायब्लो पडतो तेव्हा त्याच्या देहातून बाहेर येतो तो राजा लिओरिकचा हरवलेला लहान मुलगा, ज्याच्या शोधासाठी गावकरी खाली उतरले होते. आणि नायक काय करतो, तर त्या मुलाच्या कपाळातला मणी काढून स्वतःच्या कपाळात खुपसतो, सैतानाला आपल्या आत डांबून ठेवता येईल या भरवशावर. दुसरा भाग सुरू होतो तो हा भरवसा फोल ठरल्यानंतर, आणि त्याच्या पहिल्याच अंकात जळलेले ट्रिस्ट्रम पाहावे लागते. इतके तास जपून, दारात उभे राहून वाचवलेल्या माणसाचे हे असे होते, आणि गेम त्याबद्दल एका शब्दानेही दिलगिरी व्यक्त करत नाही.

पुन्हा पुन्हा खेळण्यासारखे त्यात काय आहे, असे विचारणाऱ्यांना सांगतो की नवा डाव सुरू केला की मजले नव्याने रचले जातात, आणि एकट्याच्या खेळात कामगिऱ्याही बदलतात. लिओरिक राजाचा सांगाडा आणि विषारी झालेले पाणी या दोहोंपैकी एका डावात एकच कथा येते. खाटीकसुद्धा प्रत्येक डावात असेलच असे नाही. त्यामुळे कॅथेड्रलबाहेर तो जखमी माणूस पडलेला नसला की जुन्या खेळाडूला आधी हायसे वाटते आणि मग थोडे चुकल्याचुकल्यासारखे होते.

खेळायचाच असेल तर 2019 पासून तो गॉग या संकेतस्थळावर रीतसर विकत मिळतो आणि सध्याच्या विंडोजवर चालतो. त्याखेरीज ‘डेव्हिल्युशनएक्स’ नावाचा, उत्साही प्रोग्रामरांनी मूळ गेमची संहिता उलगडून उभा केलेला मोफत प्रकल्प आहे. विकत घेतलेल्या गेममधली डेटा फाइल त्याला दिली की तोच गेम लिनक्सवर आणि अँड्रॉइड फोनवरसुद्धा चालतो, रुंद पडद्यावर नीट बसतो, आणि हवे असल्यास गावापुरते धावण्याची सोय देतो. ती सोय मी खुशाल घ्या म्हणेन, फक्त भुयारात काही बदलू नका. पहिल्या डावासाठी योद्धा घ्या. मांत्रिक पुढे सर्वांत बलवान होतो खरा, पण सुरुवातीला दोन घावांत आडवा होतो. ‘हेलफायर’ हे 1997 चे विस्तारित प्रकरण सिनर्जिस्टिक या दुसऱ्याच कंपनीने केलेले आहे आणि ते आधी लावण्याची गरज नाही. त्यातला भिक्षू गमतीदार आहे, पण त्यातली नवी भुयारे मूळ गेमच्या पंगतीला बसत नाहीत. आणि खेळताना मधूनमधून सेव्ह करत जा. गेम ते आपणहून करत नाही.