दाढ टिकेल का हो डॉक्टर?

परवा कर्वे रोडला डेंटिस्टकडे जाऊन आले, रूट कॅनलला वर्ष झालं म्हणून परत एक्स-रे. जायचा कंटाळाच आलेला, आणि आईचं चालूच, "दुखत नाही ना, मग कशाला उगाच पैसे घालवतेस?"

पण त्या दाढेची नसच काढलीये, ती आतून दुखणार कशी? मुळाच्या टोकाशी हाडात इन्फेक्शन राहिलं तर ते कित्येकदा गपचूप वाढतं, कळतं ते एक्स-रेतच. माझ्या खालच्या दाढेच्या एका मुळाशी एक्स-रेत आधीपासूनच मसूरडाळीएवढा काळा डाग होता, म्हणजे तिथलं हाड इन्फेक्शनने झिजलेलं, आणि डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की डाग असला की खात्री थोडी कमी होते. घरी येऊन शोधलं तर स्वीडनमधला 1990 चा अभ्यास सापडला, 8-10 वर्षांनी तपासल्यावर डाग नसलेल्यांपैकी 96 टक्के दात ठीक, डाग असलेल्यांपैकी 86, आणि जुनं रूट कॅनल फसून डागासकट परत करायला लागलं तर फक्त 62. म्हणजे पहिल्यांदाच नीट झालेलं बरं! मुळात भरलेलं मटेरियल टोकाच्या आत दोनेक मिलिमीटरपर्यंत पोचलंय का, मध्ये पोकळी राहिलीये का, तेही बघतात.

माझी चूक कॅपची. दोन महिने टाळली, ऑफिसची गडबड नि खर्च, आणि एक दिवस चिक्की खाताना टेंपररी सिमेंटचा तुकडा हातात. डॉक्टर चिडले नाहीत, एवढंच म्हणाले, "वरून थुंकी आत झिरपली तर खालची सगळी मेहनत वाया, आणि दाढ उभी चिरली तर काढायलाच लागेल." त्याच आठवड्यात कॅप बसवली बाबा.

तर परवा त्यांनी आरशाच्या दांड्याने कॅपवर टकटक केलं, हिरडी दाबून बघितली, मग दोन्ही एक्स-रे स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले. मसूरडाळीची मोहरी झालीये. मी म्हटलं गेली का नाही अजून, तर म्हणाले, "हाड भरायला वेळ लागतो हो, कधी चार वर्षंही लागतात. लहान होतोय ना, मग हात लावायचा नाही. पुढच्या वर्षी या."

आईला फोटो दाखवला. ती म्हणे, मला तर दोन्ही सारखेच दिसतायत.