नऊ इंच, पण कुठून?

मी शहापूर, वडगाव, टिळकवाडी ह्या भागात घरदुरुस्तीची कामं घेतो. डिप्लोमा सिव्हिल, आणि ऑफिस म्हणाल तर गाडीची डिकी. माझा गवंडी येळ्ळूरचा, टाइल्सवाला राजस्थानचा, प्लंबर बैलहोंगलकडचा. एकाच न्हाणीत मराठी, हिंदी, कन्नड तिन्ही चालतात, आणि शिव्या तिन्ही मिळून. हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढचं ऐकलं की आमच्या बेळगावातला कुणीही म्हणणार, भाषेचा घोळ झाला असणार. नव्हता हो.

घर शहापुरातलं जुनं, लांबडं, एकामागं एक खोल्या आणि शेवटी परडं. काका-काकू दोघंच, मुलगा पुण्याला. न्हाणी घरात, पण संडास परड्यात, म्हणजे पावसाळ्यात रात्री छत्री घेऊन जायचं आणि काकूंचे दोन्ही गुडघे गेलेले. मुलानं ठरवलं, न्हाणीतच कमोड बसवायचा आणि सगळं नवीन करायचं. जागा ७ बाय ५ फूट. मुलगा रोज रात्री मोबाईलवर फोटो पाठवायचा, काचेचं पार्टिशन, वरून पावसासारखा शॉवर, काळ्या टाइल्स. काकूंना विचारलं तर म्हणायच्या, "तो सांगंल तसं कर बाबा."

आता इतक्या वर्षांत एक शिकलोय, "सांगंल तसं कर" म्हणणारा माणूसच शेवटच्या दिवशी सगळ्यात जास्त बोलतो. म्हणून मी काकूंना त्या रिकाम्या न्हाणीत उभं केलं आणि म्हटलं, सकाळी आत आल्यापासून काय काय करता ते नुसतं करून दाखवा. आधी लाजल्या, मग लागल्या दाखवायला. हंडा इथं, स्टूल इथं, हात टेकायला इथं, आणि धुणं? "धुणं हितंच की, मशीनमधलं मला पटत नाही." त्यात कळलं की खाली एक नळ पाहिजे, पकडायला दांडा पाहिजे, गुळगुळीत टाइल्स नकोत, आणि काचेचं पार्टिशन आलं तर धुण्याची बादली सरकायची नाही. मुलाला फोन करून तिथल्या तिथं पार्टिशन कॅन्सल केलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवर फार खुश होतो.

काम सुरू झालं. जुना गिलावा ठोकून काढला, आत नुसती वीट. पाण्याची नळी लावून चारी भिंतींवर तीन फुटाची लेव्हल मारून घेतली आणि सगळ्यांना सांगितलं, उंची म्हणून जे काय असंल ते ह्या रेघेवरून मोजायचं. गीझरचा पॉइंट, शॉवरचा डायव्हर्टर, खालचा नळ, सगळं त्या रेघेवरून. उतार फुटाला दोन सूत, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यामुळं उभ्या मापात एक सुताची चूक नाही झाली. आडव्या मापाला मात्र रेघ नव्हती.

कमोड जमिनीत आउटलेट जाणारा, एस ट्रॅप म्हणतात तो, ९ इंचाचा. म्हणजे भिंतीपासून आउटलेटच्या सेंटरपर्यंत ९ इंच पाहिजेत. काकूंच्या गुडघ्यासाठी उंच सीटचा बघून घेतलेला, म्हणून तो आधीच ठरवून ठेवलेला. प्लंबर पाइप टाकायला आला त्या दिवशी मी अनगोळला दुसऱ्या साइटवर. फोन केला तर काय ऐकू येईना, शेजारी पॉवरलूम, खटाखट खटाखट. म्हणून व्हॉइस नोट पाठवली. त्याचं उत्तर आलं, "आत री."

ज्यांना कन्नड येत नाही त्यांच्यासाठी, "री" हे नुसतं आदराचं, "आत" म्हणजे झालं, आणि "आत" म्हणजे बरं, ठीक आहे, असं पण. ऐकलं, समजलं, करतो, केलं, सगळ्याला एकच. आपण मराठीत "हो हो" म्हणतो त्याची गत काय वेगळी नाही म्हणा. पण मला ते ऐकलं की एकदम निवांत वाटतं, तेच वाईट.

पाइप झाला, वॉटरप्रूफिंग झालं, पाणी कोंडून दोन दिवस ठेवलं, खालच्या बाजूला ओल नाही, टाइल्स बसल्या. जुलै महिना, बाहेर धो धो. कमोड बसवायचा दिवस उजाडला, काकूंनी सकाळीच सगळ्यांना पोहे दिले. प्लंबरनं आणि त्याच्या पोरानं कमोड उचलून आउटलेटवर आणला आणि मागं सरकवला. टाकी भिंतीला टेकली. खाली बघितलं तर कमोडचं आउटलेट जमिनीतल्या भोकाच्या अलीकडं. परत उचलला, फिरवून बघितला, जसं काय फिरवल्यानं भिंत मागं जाणार आहे. मी टेप लावली. टाइलपासून सेंटर पावणेआठ इंच.

मी चढलोच. "मेस्त्री, नऊ सांगितलेलं, हे काय करून ठेवलंय?" सगळ्यांसमोर, मालकासमोर. तो बिचारा शांत. "ओंबत्त इंचच आहे री, ग्वाडीपासून." नऊ इंचच, भिंतीपासून. म्हटलं कुठं आहे नऊ, टेप बघा की. त्यानं हात पुसले, खिशातनं मोबाईल काढला, वर वर सरकवत गेला आणि माझीच व्हॉइस नोट लावली. फुल्ल आवाजात. न्हाणीत आवाज कसा घुमतो माहिती आहे तुम्हाला. "मेस्त्री, कमोडचं सेंटर भिंतीपासून नऊ इंच ठेवा, बरोबर नऊ." मागं माझ्या साइटवरचा कटर चालू असलेला पण ऐकू येतोय.

तो म्हणाला, "नीव हेळिद्री अल्री." तुम्हीच सांगितलंत की.

आणि त्या दिवशी त्याच्यासमोर भिंत म्हणजे वीटच होती. त्यानं विटेपासून बरोबर नऊ टाकलं. मग त्याच्यावर गिलावा पाऊण इंच, टाइल आणि चिकटवायचा मसाला मिळून अर्धा. गेले सव्वा इंच. माझ्या डोक्यातली भिंत टाइल लागलेली, त्याच्या डोळ्यासमोरची उघडी. त्याला माझं मराठी शंभर टक्के समजलेलं, हीच तर अडचण. समजलं नसतं तर त्यानं परत फोन तरी केला असता.

येळ्ळूरचा आमचा गवंडी तोंडावर टॉवेल घेऊन हसूलालेला. काका काही बोलले नाहीत. काकू दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या, त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही दोघं बी बरोबर, आणि मी पावसात परड्यात जाऊ, नव्हं?"

त्यावर काय बोलणार. प्लंबर म्हणाला ऑफसेट कनेक्टर मिळतो, तिरका असतोय, सव्वा इंच खाऊन टाकील, कुणाला कळणार पण नाही. मिळतो खरा, आणि पाच मिनिटं माझं मन झालं पण. पण तिरक्या जागी कचरा अडकला की तुंबणार, आणि तुंबल्यावर ह्या दोन म्हाताऱ्यांनी कुणाला बोलवायचं? फोडायचं ठरवलं. टाइल्स घेताना त्याच लॉटच्या पाच जास्तीच्या ठेवायला लावलेल्या, त्यातल्या चार गेल्या. पाइप कापून पुढं घेतला, वॉटरप्रूफिंग तेवढ्यापुरतं परत केलं, भोकाला बोळा मारून २४ तास पाणी कोंडलं, मग टाइल, मग कमोड. सगळे मिळून पाच दिवस. मटेरियल मी घातलं, प्लंबरनं मजुरी सोडली. मी मागितली नव्हती, त्यानंच सोडली. टाइल्सवाल्यानं मात्र पूर्ण हजेरी घेतली आणि बरोबरच आहे, त्याचा काय संबंध. प्लंबरवर ओरडलो त्याचं मात्र चार दिवस डोक्यात राहिलं. शेवटच्या दिवशी मालकासमोरच म्हणालो, मेस्त्रींची चूक नव्हती. तो पाइपला टेप गुंडाळत राहिला, वर बघितलं पण नाही.

त्यानंतर मी साइटवर टाइलचा एक तुकडा आणि गिलाव्याच्या जाडीची एक पट्टी ठेवतो. माप सांगायच्या आधी ते विटेला लावायचं, त्याच्या तोंडापासून टेप धरायची आणि खडूनं भिंतीवरच लिहायचं. आणि "समजलं काय" असं विचारायचं सोडलं, कारण त्याला उत्तर एकच येतं. आता म्हणतो, कुठून मोजणार ते दाखवा.

परवा खानापूर रोडला नवीन बाथरूम घेतलंय, प्लंबर तोच. वॉशबेसिन कुठल्या बाजूला घ्यायचं ते दरवाजावर अडलेलं, म्हणून त्याला फोनवर सांगितलं की मालकांना विचारून घ्या, दार आत उघडणार की बाहेर. पाच मिनिटांनी व्हॉइस नोट आली. दोनच शब्द.

"आत री."

हेल्मेट घातलं आणि निघालो साइटवर.