गाळप हंगामातला पुणे–कोल्हापूर रस्ता: ट्रॉली, ट्रेलर आणि धुकं

पुणे ते कोल्हापूर हे अंतर साधारण 230 किलोमीटर. पावसाळ्यात हा रस्ता एक असतो आणि दिवाळीनंतर तो दुसराच होतो. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले, की साताऱ्याच्या अलीकडच्या भुईंजपासून कोल्हापूरजवळच्या शिरोलीपर्यंत राष्ट्रीय महामार्ग 48 वर कंटेनर, ट्रेलर आणि दहाचाकी गाड्यांच्या जोडीला उसाच्या ट्रॉल्या येतात. त्या मार्चपर्यंत हटत नाहीत. डिसेंबरात या रस्त्याने गेलो-आलो, त्याचा हा टप्प्याटप्प्याने वृत्तांत. हिवाळ्यात प्रथमच गाडी घेऊन जाणाऱ्यांनी निघण्याआधी वाचावा.

पहिला निर्णय निघण्याच्या वेळेचा. "पहाटे चारला निघू, रस्ता मोकळा मिळेल" हा हिशोब उन्हाळ्यात बरोबर असतो. हिवाळ्यात मात्र चारला निघालेली गाडी सहा-सातच्या सुमारास कृष्णाकाठच्या पट्ट्यात पोचते आणि धुकं नेमकं त्याच वेळी सगळ्यात दाट असतं. रात्री कारखान्यावर खाली झालेल्या ट्रॉल्याही तेव्हाच परतत असतात. म्हणून पुणं साडेसहा-सातला सोडावं आणि साताऱ्याच्या पुढचा रस्ता पूर्ण उजेडात गाठावा. येताना उलटा हिशोब धरावा. दिवसभर तोड होते, संध्याकाळी भरलेल्या गाड्या फडातून बाहेर पडतात आणि रात्री उशिरापर्यंत कारखान्याच्या गव्हाणीला (ऊस खाली करतात त्या जागी) नंबर लावायला धावतात. कोल्हापूर दुपारी दोनपर्यंत सोडलं, तर कराड आणि सातारा दिवसाउजेडी मागे पडतात.

निघताना गाडीची तपासणी दहा मिनिटांची. पुढची काच आतूनही पुसायची, कारण आतल्या तेलकट थरावर समोरचे दिवे फाकतात. दोन्ही हेडलाइट, मागचे लाल दिवे आणि ब्रेकलाइट कुणाला तरी मागे उभं करून बघून घ्यावेत. वायपरच्या पाण्याची टाकी भरलेली हवी; धुक्यात ट्रकच्या मागे पाच मिनिटं राहिलं, तरी काचेवर धूळ आणि दवाचा चिखल बसतो. परावर्तक त्रिकोण डिकीत सामानाखाली न ठेवता हाताशी ठेवावा.

खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडून शिरवळपर्यंत वाहतूक दाट असते, पण वेगळं काही नाही. खरा पहिला टप्पा खंबाटकीचा चढ. भरलेला तीन ॲक्सलचा ट्रक 28 टनांच्या घरात असतो आणि चढावर 10-15 किलोमीटर वेगाने सरकतो. त्याच्या मागे थांबावं लागलं, तर 8-10 मीटर जागा सोडून थांबा. ट्रक पुन्हा उचलताना आधी थोडा मागे येतो. त्यात क्लच गेलेला असेल तर बराच मागे येतो, आणि चिकटून उभ्या असलेल्या कारला कुठेच सरकता येत नाही. एक ट्रक दुसऱ्याला ओलांडत असेल, तर दोघांच्या मधून घुसायचं नाही. दोन मिनिटं जातील, जाऊ द्यावीत.

घाट उतरून सुरूर फाटा, भुईंज, आनेवाडी टोलनाका. भुईंजपासून ऊस सुरू होतो. पुढे साताऱ्याबाहेर शेंद्रे, मग नागठाणे, उंब्रज, तासवडे टोलनाका, कराड. त्यापुढे कासेगाव, पेठ नाका, कामेरी, किणी टोलनाका. या पट्ट्यात महामार्गाच्या दोन्ही बाजूंना कारखाने आहेत आणि प्रत्येक फाट्यावरून ट्रॉल्या वर येतात. सहापदरीकरणाची कामं जिथे चालू आहेत, तिथे सेवा रस्ता आणि मुख्य रस्ता अचानक एक होतात. ट्रॉली डावीकडूनच येईल, असं तिथे गृहीत धरता येत नाही. ती उलट्या दिशेनेही येते.

या ट्रॉलीबद्दल नीट समजून घ्या, कारण हिवाळ्यात या रस्त्यावरचा सगळ्यात मोठा धोका तीच आहे. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर मिळून 20 टनांच्या आसपास ऊस. ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, मागे वाढे (उसाचे हिरवे शेंडे) लोंबत असलेले. ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर लावलेला असला, तरी तो या वाढ्यांखाली झाकला जातो. मागच्या दिव्याची वायर हुकापाशी सुटलेली असते किंवा मुळात जोडलेलीच नसते. ट्रॅक्टरवर स्पीकर मोठ्याने चालू असतो, म्हणून तुमचा हॉर्न चालकापर्यंत पोचत नाही. मागची ट्रॉली सरळ रस्त्यावरही दोन्ही बाजूंना झुलते आणि वेग वाढला की जास्त झुलते. ओलांडताना तिच्या आणि आपल्या गाडीत निदान दीड मीटर अंतर हवं. तेवढी जागा नसेल, तर मागे राहायचं.

भरलेल्या ट्रॉलीपेक्षा रिकामी जास्त फसवते. उसाचा डोंगर निदान आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसतो. रिकामी ट्रॉली म्हणजे जमिनीपासून थोड्या उंचीवरची काळपट लोखंडी चौकट, आणि ती तुमच्या बॉनेटच्या वरून थेट काचेच्या पातळीवर येते. अशा धडकेत बंपर आणि पुढचा सांगाडा धक्का घेतच नाहीत, म्हणून एअरबॅगवर भिस्त ठेवू नका.

आता वेगाचा हिशोब. दिवा नसलेली ट्रॉली लो बीममध्ये साधारण 50 मीटरवर दिसते. समोरून झोत येत असेल तर त्याहून जवळ. तुम्ही 90 ने जात आहात आणि ट्रॉली 20 ने. दोघांमधला फरक ताशी 70 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे 19 मीटर. दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर त्यातच 29 मीटर गेले. उरलेल्या 21 मीटरमध्ये तो फरक संपवायचा, तर कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकनेही 27 मीटर लागतात. म्हणजे धडक ठरलेलीच. तोच हिशोब 60 वर केला, तर सगळं मिळून सुमारे 25 मीटरमध्ये आटोपतं. ट्रॉली बंद पडून जागेवर उभी असेल, तरी 60 वरून गाडी 45 मीटरच्या आसपास थांबते, जेमतेम. 70 वर थांबत नाही. म्हणून अंधारात, लो बीमवर, भुईंज ते शिरोली 60 ची मर्यादा स्वतःला घालून घ्यावी. समोर कुणी नसेल तेव्हा हाय बीम लावावा. 60 ची मर्यादा पाळताना रस्ता रुंद आहे, गुळगुळीत आहे, मागचा डिपर मारतोय, यांपैकी कशाचाही विचार करायचा नाही. मागच्याला जायची घाई असेल, तर त्याला वाट द्यावी.

मोठ्या ट्रकच्या मागे राहून "तो पुढे आहे, वाट तोच दाखवेल" असं वाटतं. इथेच घात होतो. ट्रकचालक उंचावर बसलेला असतो. त्याला ट्रॉली आधी दिसते आणि तो ब्रेक न लावता लेन बदलतो. तो बाजूला झाला, की ट्रॉली एकदम तुमच्यासमोर. म्हणून पुढच्या ट्रकपासून चार सेकंदांचं अंतर ठेवा. त्याचा मागचा भाग एखाद्या खांबाजवळून गेला की "एक हजार एक, एक हजार दोन" असं मोजायचं. चार व्हायच्या आत आपण खांबाशी पोचलो, तर अंतर कमी आहे. धुक्यात ते सहापर्यंत न्यावं.

रिफ्लेक्टर पट्ट्यांचा रंग वाचायची सवय लावून घ्या. नियमाप्रमाणे पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल पट्टी. अंधारात लाल पट्टी दिसली, तर समोर गाडीची मागची बाजू आहे. पिवळी पट्टी रस्त्यावर आडवी पसरलेली दिसली, तर ट्रक दुभाजकाच्या फटीतून आडवा वळतोय आणि अख्खा रस्ता बंद आहे. दोन पुढचे दिवे दिसले आणि त्यांच्या मागे तुमचा रस्ता अडलेला असेल असं क्षणभर वाटलं, तरी ब्रेक लावा. वळणाऱ्या ट्रेलरचे दिवे आधी निघून जातात आणि धड मागे राहतं.

ओलांडण्याची गोष्ट. आपल्याकडे जड गाड्या उजव्या लेनमध्ये चालतात, त्यामुळे बऱ्याचदा डावीकडून जावं लागतं. चालक उजवीकडे बसलेला असतो, म्हणून त्याची डावी बाजू सगळ्यात आंधळी. डाव्या दरवाजाच्या खालच्या जागेत कार पूर्ण लपते. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. आधी एकदा डिपर, मग छोटा हॉर्न, तो सावध झाल्याचं लक्षात आलं की न रेंगाळता पुढे. केबिनच्या बाजूला समांतर चालत राहायचं नाही. पुढे गेल्यावर आतल्या आरशात त्याचे दोन्ही हेडलाइट पूर्ण दिसेपर्यंत त्याच्यासमोर यायचं नाही, आणि आल्यावर ब्रेक तर अजिबात नाही. एअर ब्रेक लागायला क्षणभर जास्त वेळ घेतात आणि थांबवायचं वजन तुमच्या पंचवीसपट असतं. उजव्या इंडिकेटरवर विश्वास ठेवू नका. कुणी तो "जा पुढे" म्हणून देतो, कुणी खरंच उजवीकडे वळतो. जवळ दुभाजकाची फट किंवा फाटा असेल, तर तो वळणार असंच धरा.

धुकं कराडच्या कृष्णा-कोयना पुलांजवळ आणि किणीच्या अलीकडे वारणेच्या काठाला सगळ्यात दाट लागतं. धुक्यात शिरण्याआधी वेग कमी करा; आत गेल्यावर एकदम ब्रेक लावला, तर मागचा ट्रक येऊन आदळतो. लो बीम आणि असतील तर फॉग लॅम्प. हाय बीमने समोर पांढरी भिंत उभी राहते. एसी चालू, हवा बाहेरची, झोत काचेवर. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, कारण मग लेन बदलल्याचं कुणालाच कळत नाही. डाव्या लेनमध्ये राहा, पण कडेच्या पट्टीला चिकटून नको; बंद पडलेल्या ट्रॉल्या तिथेच उभ्या असतात. लेन विभागणारी तुटक रेषा उजव्या चाकाजवळ धरून चालावं. काहीच दिसेना, तर कडेला न थांबता पेट्रोल पंपाच्या किंवा ढाब्याच्या आवारात आत जाऊन थांबावं.

सातारा–कराड दरम्यान सकाळी साडेसात-आठला ऊन डाव्या बाजूने तिरपं डोळ्यांवर येतं, तेव्हा सावलीतली ट्रॉली दिसत नाही. फाट्यांवर सांडलेली कांडी, पाचट आणि शेतातली माती दवाने निसरडी होते. दुचाकीवाल्यांनी तिथे झुकवून वळण घेऊ नये.

गाडी बंद पडली, तर शक्य तितकी डावीकडे घ्या, पार्किंग लाइट आणि चारही इंडिकेटर लावा, सगळ्यांना डाव्या दारांनी उतरवून लोखंडी कठड्याच्या पलीकडे उभं करा. त्रिकोण निदान 100 मीटर मागे ठेवा. 10 मीटरवर ठेवलेला काही कामाचा नाही. महामार्गाची मदत 1033 वर, आणीबाणीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108.

परतीच्या रस्त्यावर दोन जागा जास्त लक्ष मागतात. खंबाटकीच्या जुन्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर उतारावरचं दुहेरी वळण येतं. बोगद्यातच वेग कमी करून खालच्या गिअरमध्ये यावं आणि वळणात ट्रेलरच्या शेजारी राहू नये, त्याचं मागचं धड आतल्या बाजूला येतं. दुसरी जागा कात्रजचा नवा बोगदा ते नवले पूल. लांब उतार, त्यावर डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेले ट्रक, आणि तापून निकामी झालेले ब्रेक. फलकावरची वेगमर्यादा पाळा, तिसऱ्या गिअरवर उतरा, आणि दर काही सेकंदांनी मागचा आरसा बघा. मागून सतत हॉर्न आणि झोत मारत ट्रक येत असेल, किंवा जळक्या ब्रेकचा वास आला, तर त्याच्याशी शर्यत न करता लगेच इंडिकेटर देऊन डावीकडे व्हा आणि रस्ता मोकळा करा. पुलाच्या अलीकडे रांग लागलेली असेल, तर रांगेच्या शेवटी पोचायच्या बरंच आधी चारही इंडिकेटर लावून हळू व्हायला लागा आणि पुढच्या गाडीपासून एक गाडी मावेल इतकी जागा सोडून, चाकं डाव्या बाजूला वळवता येतील अशी थांबा.