३२ सेंट कापले आणि अख्खं गाव बंद पडलं

१ मे म्हणलं की आपल्याकडं झेंडावंदन, शाळेचा निकाल आणि संध्याकाळी कुठंतरी लाल झेंड्यांचा मोर्चा. हे कामगार दिनाचं प्रकरण मुळात शिकागोचं, १८८६ चं, आठ तासांच्या कामासाठीचं, पण खुद्द अमेरिकेत १ मेला सुट्टीच नसते. त्यांचा लेबर डे सप्टेंबरमधे, आणि तोही जाहीर झाला १८९४ च्या उन्हाळ्यात, ज्या उन्हाळ्यात सरकारनं सैन्य पाठवून पुलमन ह्या रेल्वे डबे बनवणाऱ्या कंपनीपासून सुरू झालेला रेल्वे संप मोडला. एका हातानं सुट्टी, दुसऱ्या हातानं बंदूक.

पण मला सांगायचंय ते लॉरेन्सबद्दल. मॅसॅच्युसेट्समधलं गिरणगाव, मेरिमॅक नदीच्या काठावर. तिथलं वाचताना सारखं आपलं सोलापूरच डोळ्यापुढं येत होतं, कारण गिरण्या तर आहेतच, पण भाषा! इटालियन, पोलिश, लिथुआनियन, सिरियन, फ्रेंच बोलणारे कॅनडावाले, सगळे एकाच खात्यात. आपल्याकडं नाही का, साच्यावर तेलुगू, बाजूला कन्नड, जॉबर (मुकादम) मराठी आणि चहाच्या टपरीवर उर्दू.

झालं असं, की १ जानेवारी १९१२ पासून राज्याच्या कायद्यानं बायका आणि पोरांचं काम आठवड्याला ५६ तासांवरून ५४ वर आलं. चांगलीच गोष्ट की! पण मालकांनी दोन तासांचा पगारही कापला. साधारण ३२ सेंट. आठवड्याची सरासरी कमाईच ९ डॉलरच्या आत, त्यातून ३२ सेंट म्हणजे घरातले काही पाव गेले. ११ जानेवारीला एव्हरेट मिलमधल्या पोलिश बायकांनी पाकिटं उघडली, पैसे कमी दिसले, माग बंद केले आणि बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी, १२ जानेवारीला, बाकीच्या गिरण्या. (१२ जानेवारी म्हणलं की सोलापूरकराला चार हुतात्मेच आठवणार, ती १९३१ ची फाशी. त्यांच्यातले कुर्बान हुसेन पण गिरणी कामगारांतच काम करायचे, असो.)

बघता बघता वीस हजाराच्या वर लोक संपावर. आता मालकांचा हिशोब सरळ होता, ह्यांना एकमेकांचं बोलणंच कळत नाही, आठ दिवसांत फुटतील. जुनी मोठी युनियन पण तसंच समजायची, ती कुशल आणि इंग्रजी येणाऱ्यांतच रमलेली, ह्या लोकांना संघटित करता येत नाही म्हणायची, वर संपालाच विरोध केला. तिथं आयडब्ल्यूडब्ल्यू नावाच्या लढाऊ युनियनचा जोसेफ एटर आला, आणि त्यानं प्रत्येक देशाच्या लोकांचे चार-चार प्रतिनिधी घेऊन समिती केली. मीटिंगमधलं प्रत्येक भाषण प्रत्येक भाषेत परत सांगायचं. लई वेळ जात असणार, पण माझ्या मते तो संप इथंच जिंकला, नंतर काय झालं तो पुढचा भाग. गिरणीपुढं थांबायला बंदी होती, तर हे लोक थांबायचेच नाहीत, हजारोंनी हातात हात घालून गिरण्यांभोवती सतत चालत राहायचे. पोलिसांनी पकडायचं कशावरून?

मग नेहमीचे प्रकार झाले. कडाक्याच्या थंडीत अंगावर पाण्याचे फवारे, शहरात लष्कर, गोळीबारात एक कामगार बाई गेली तर तिच्या खुनाच्या केसमधे तिथं नसलेल्या एटरलाच आत टाकलं (नोव्हेंबरमधे निर्दोष सुटला). डायनामाइट सापडलं, बोंब झाली कामगारांची म्हणून, आणि ते ठेवणारा निघाला गावातलाच एक प्रतिष्ठित माणूस. त्याला शिक्षा काय, तर ५०० डॉलर दंड, बस्स.

खायचे वांधे झाले तेव्हा शंभरावर पोरं न्यूयॉर्कला कामगारांच्या घरी सांभाळायला पाठवली. लोकरीच्या गिरणीतल्या लोकांची पोरं, आणि अंगावर धड गरम कपडा नाही, पेपरवाल्यांनी ते उचललं. २४ फेब्रुवारीला पुढची पोरं निघाली तर पोलिसांनी स्टेशनवरच आयांना आणि लेकरांना मारलं. तिथं मात्र डाव उलटला. संसदेत चौकशी लागली, राष्ट्राध्यक्षांची बायको ऐकायला येऊन बसली. चौदा वर्षांची कॅमेला तेओली तिथं बोलली, मशीनमधे केस अडकून तिच्या डोक्याची कातडीच निघाली होती, सात महिने दवाखान्यात. वय कमी असताना कामावर घ्यायला खोटे कागद चार डॉलरला करून दिलेले, तेपण तिनं सांगितलं.

मार्चमधे मालक वाकले, पगारवाढ मिळाली, शेजारच्या कितीतरी गिरण्यांनी संप व्हायच्या आधीच पगार वाढवले. पण वर्ष-दोन वर्षांत ती लढाऊ युनियन लॉरेन्समधून जवळपास संपली. १९१२ च्याच ऑक्टोबरमधे देव आणि देशाच्या नावानं गावात मोठी मिरवणूक निघाली, संपवाले म्हणजे देशाबाहेरचे उपटसुंभ असं वातावरण झालं आणि लोक गप्प बसले. इतके, की कॅमेलाची मुलगी आईचे केस टक्कल झाकेल असे विंचरून द्यायची, पण आई संसदेत बोलली होती हे तिला माहीतच नव्हतं.

तर आता तुम्हाला विचारायचंय. घरात कोणी जुन्या गिरणीत, नरसिंग गिरजीत किंवा लक्ष्मी-विष्णूत होतं का? गेट मीटिंगला तेलुगूत कोण बोलायचं, कन्नडमधे कोण, का सगळं मराठीतच उरकायचं? विडी कामगार बायकांच्या मोर्चात तेलुगू घोषणा मी ऐकल्यात, पण गिरण्यांचं सांगणारे आता थोडेच राहिलेत. आजोबांना विचारा आणि खाली लिहा.