फोटो नसलेली पानं

9 जून, सोमवार

दुपारी नव्या पुस्तकाची डमी, म्हणजे छपाईआधीचा नमुना, हातात आली. 96 पानं, सोळापानी 6 फॉर्मे, आडवा आकार. सवयीनं आधी वास घेतला. डमीला कसला वास? साधा झेरॉक्सचा कागद.

स्कायलॅबवर, म्हणजे अमेरिकेच्या पहिल्या अवकाशस्थानकावर, मराठीत सचित्र पुस्तक कशाला, हे घरच्यांनी विचारायचं सोडलंय. विक्रेते अजून विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. पंचावन्नच्या पुढच्या कुणालाही विचारा, अवकाशस्थानक म्हटल्यावर दुसरं नाव आठवेल न आठवेल, स्कायलॅब आठवतंच. पण ते वर असताना तिथं काय चाललं होतं, याचा पत्ता नसतो. 1973 मध्ये गेलेलं, तीन तुकड्या मिळून नऊ माणसं 28, 59 आणि 84 दिवस राहून आलेली ते घर आपल्याला भेटलं एकदम 1979 मध्ये, तेही डोक्यावर येणार म्हणून.

नासाच्या फोटोंना सहसा पैसे पडत नाहीत, फक्त श्रेय द्यायचं. आमच्यासारख्या दोन माणसांच्या प्रकाशनाला हे घबाडच. त्या भरवशावर मी पुस्तक हातात घेतलं. चित्रं तयार आहेत, मजकूर बेताचा, मांडणी झाली की छापायला टाकू. आज डमी चाळताना पान 14 कोरं निघालं. मांडणीवाल्यानं मधोमध पेन्सिलीनं लिहिलंय, "फोटो?"

पान 14 म्हणजे 14 मे 1973. स्कायलॅबला वर नेणाऱ्या सॅटर्न-5 रॉकेटचं हे शेवटचं उड्डाण. उडतानाचा फोटो पान 13 वर आहे, झकास आहे. उडाल्यानंतर साधारण 63 सेकंदांनी स्थानकाभोवतीचं पातळ कवच हवेच्या झोतात उचकटलं. ऊन आणि उल्काकण दोन्ही अडवायला ते बसवलेलं. त्याच्या धक्क्यानं उन्हापासून वीज करणारा एक सौर पंख खिळखिळा झाला आणि दहा मिनिटांच्या आत तोही गेला. दुसरा पंख कवचाच्या उरलेल्या पट्टीत अडकून बसला. पुढची सगळी गोष्ट त्या 63 व्या सेकंदातून निघते, आणि त्याचा फोटो मला कुठंही मिळालेला नाही. जमिनीवर जे कळलं ते यंत्रांनी पाठवलेल्या आकड्यांवरून.

मुखपृष्ठावर "सचित्र" छापायचं आणि नेमकं हेच पान भुंडं ठेवायचं?

17 जून, मंगळवार

पान 14 ला हात लावला नाही. पुढची चार पानं घेतली आणि दिवस मजेत गेला.

कॉनराड, केरविन आणि वाइट्झ ही पहिली तुकडी दुसऱ्याच दिवशी, 15 मे ला निघणार होती, ती निघाली 25 ला. मधल्या दहा दिवसांचे फोटो भरपूर, कारण सगळी धावपळ जमिनीवर. वर रिकाम्या घराचं तापमान पन्नासच्या पुढं गेलेलं. अन्न, औषधं, फिल्म सगळं आतच. ह्यूस्टनमध्ये जॅक किन्झलर नावाच्या माणसानं उपाय काढला तो छत्रीचा. मिटलेली छत्री एका छोट्या झडपेतून बाहेर सरकवायची आणि बाहेर उघडायची. पहिला नमुना त्यानं मासेमारीच्या गळांच्या काठ्या आणून जोडला, एकीत एक सरकणाऱ्या. खरी छत्री उघडल्यावर साधारण 6.7 मीटर बाय 7.3 मीटर झाली. थोडी वाकडी उघडली, पण घर निवलं.

यातला एक फोटो मी पूर्ण पानभर टाकतेय. बायका शिलाई मशीनवर सावलीचं कापड शिवतायत, भोवती त्या चकचकीत कापडाचा पसारा. मांडणीवाला म्हणाला, "ताई, अवकाशाच्या पुस्तकात मशीन पानभर? त्यापेक्षा रॉकेट मोठं करू." रॉकेट सगळेच मोठं करतात. संध्याकाळी आईला दाखवला. तिनं वीस वर्षं साड्यांना फॉल-पिको केलंय. चष्मा वर करून ती म्हणाली, "कापड पातळ दिसतंय. सुई कितीची लावली असेल गं?" मी दीड वर्ष या विषयात आहे, हा प्रश्न मला पडला नव्हता.

7 जूनचं काम तसंच. अडकलेला पंख सोडवायला कॉनराड आणि केरविन बाहेर गेले ते लांब दांड्याच्या टोकाला कात्री बांधून. ही कात्री म्हणजे विजेच्या नि टेलिफोनच्या तारांवर काम करणाऱ्या लाइनमन लोकांचं हत्यार. पट्टी तुटली, तरी पंख जागचा हलेना. मग दोघांनी दोर खांद्याखाली घेऊन जोर लावला, पंख एकदम सुटला आणि दोघंही भिरकावले गेले. बांधलेले होते म्हणून बरं. त्या क्षणाचाही फोटो माझ्याकडं नाही. पेन्सिलीनं दुसरा "फोटो?"

20 जून, शुक्रवार

आज लाज जायची वेळ आली होती.

आमचं मुद्रितशोधन एक निवृत्त भौतिकशास्त्राचे सर करतात. सकाळी नऊला फोन. "बाई, पान 52 वर लाउस्मा आंघोळ करतायत आणि खाली तुम्ही लिहिलंय तिसरी तुकडी. पान 60 वर तिसऱ्या तुकडीत कार, गिब्सन आणि पोग. लाउस्मा तिथं आंघोळीपुरते गेले होते का?"

चूक माझी, पण भल्याभल्यांना फसवेल अशी. नासाच्या हिशोबात एसएल-1, म्हणजे स्कायलॅब-1, हे रिकामं स्थानक, त्यामुळे पहिली तुकडी होते एसएल-2. अंतराळवीरांनी मात्र स्वतःच्या बिल्ल्यांवर एक, दोन, तीन असे आकडे घातले. लाउस्माच्या फोटोवर एसएल-3 होतं, मी ते तिसरी तुकडी म्हणून उतरवलं. तो बीन आणि गॅरियटबरोबरच्या दुसऱ्या तुकडीतला. दुपारभर फोटोंखालच्या 140 ओळी तपासल्या, 11 ठिकाणी हाच घोटाळा. ॲराबेला नावाची कोळीण, म्हणजे कोळी किड्याची मादी, तीसुद्धा मी तिसऱ्या तुकडीबरोबर पाठवून दिली होती. सतरा वर्षांच्या ज्युडिथ माइल्सनं सुचवलेला प्रयोग तो: वजन नसताना कोळी जाळं विणतो का? आधी वेडंवाकडं विणलं, मग सराव झाल्यावर नीट.

सर पुढं म्हणाले, "फोटो असला की माणूस ओळ वाचत नाही, आणि लिहिणारा तपासत नाही." मी गप्प बसले.

28 जून, शनिवार

पान 88 चं चित्र आलं. आमचा चित्रकार गुणी आहे, ब्रश तर सुंदरच. देवळाचा कळस, वर काळं आकाश, त्यात जळत येणारा गोळा, खाली माना वर करून बायाबापड्या. बघितल्याबरोबर आवडलं, आणि पाच मिनिटांत खटकायला लागलं.

पान 88 म्हणजे 11 जुलै 1979. सूर्यावरची धामधूम वाढली, तिच्या उष्णतेनं वातावरणाचा वरचा थर फुगला आणि स्कायलॅबला अंदाजापेक्षा जास्त घासू लागला. त्याला ढकलून वर न्यायला स्पेस शटल यायचं होतं, ते उडालं थेट 1981 मध्ये. 77 टनांच्या आसपास वजन. जगात कुणाला तरी तुकडा लागण्याची शक्यता 152 मध्ये 1, असं नासानं सांगितलेलं. स्थानकाची फेरी विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना 50 अंशांपर्यंत जायची, म्हणजे सगळा भारत त्या पट्ट्यात. पोलिसांना सावध राहायला सांगितलेलं. दिल्लीत त्याच आठवड्यात यशवंतराव चव्हाणांचा अविश्वास ठराव आला आणि 15 तारखेला पंतप्रधान मोरारजींनी राजीनामा दिला. एका आठवड्यात दोन गोष्टी खाली आल्या, त्यातली एकच आपल्याकडे पडली.

स्थानक कोसळलं तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दहा वाजून गेले होते. तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्सच्या आसपास पडले. तिथल्या नगरपालिकेनं कचरा केला म्हणून नासाला 400 डॉलरचा दंड लावला.

मग आपल्या देवळावर हा गोळा कुठून आला?

मामाला फोन केला. तो तेव्हा अकरा वर्षांचा, साताऱ्याकडच्या आमच्या आजोळी. "आकाश? अगं आषाढातलं आभाळ ते, चार दिवस झड लागलेली. समोरचा गोठा दिसत नव्हता, आकाश कुठलं दिसतंय? आम्ही सगळे घरात. रेडिओ फक्त गुरुजींकडं, ते सांगून गेले, आज रात्री पडणार. आई म्हणाली, पडू दे, पोरं उपाशी नकोत. घरातला होता नव्हता तेवढा गूळ काढला आणि कापण्या तळायला बसली. आषाढ तळायचा होताच." आषाढी होऊन जेमतेम आठवडा झालेला, दोन माणसं वारीहून नुकती परतलेली. "खाता खाता मला झोप लागली. सकाळी उठलो तर सगळं होतं तसंच. फक्त गूळ संपलेला."

चित्रकाराला कळवलं. तो वैतागला, आणि त्याचं काही चुकलं नाही. "कुणी वर बघतच नव्हतं तर मी काढू काय? छप्पर?"

6 जुलै, रविवार, आषाढी एकादशी

साबुदाणा भिजवायला विसरले, तेव्हा भगर आणि दाण्याची आमटी. टीव्हीवर पंढरपूर. समोर फॉर्मा पाचवा.

पान 70 वर तिसऱ्या तुकडीच्या "संपा"ची चौकट होती. 1973 च्या डिसेंबरअखेर तिघांनी म्हणे रेडिओ बंद करून दिवसभर सुट्टी घेतली. ही कथा इतक्या ठिकाणी छापली गेलीय की मीही उतरवून घेतली होती. तिघांच्या डोक्यावर कामाचा बोजा फार होता, जमिनीशी कुरबुर झाली, पुढे बोलून वेळापत्रक सैल केलं, हे खरं. संप वगैरे झाला नाही हे ते स्वतः सांगत आले. चौकट काढली. विक्रेत्यांना ती फार आवडली होती.

त्या जागी गिब्सनचं रेखाटन मोठं केलं. 28 डिसेंबरला कोहौटेक धूमकेतू सूर्याजवळून गेला. स्कायलॅबवर सूर्य टिपायला दुर्बिणींचा अख्खा संच बसवलेला, फिल्मच्या डब्या बदलायला माणसं जीव धोक्यात घालून बाहेर जायची, आणि गिब्सननं धूमकेतू कसा दिसला ते हातानं काढलं. डोळ्यांनी पाहिलं ते. बाकी पुस्तकातल्या चकचकीत फोटोंपुढे ते मळकट दिसतं, मांडणीवाल्याचं त्यावरही म्हणणं आहेच.

मी मात्र बराच वेळ त्याच्याकडं बघत बसले आणि दोन्ही कोरी पानं एकदमच सुटली. गिब्सननं काढलं कारण त्यानं पाहिलं होतं. 63 वा सेकंद कुणीच पाहिला नाही, तेव्हा त्याचं चित्रही काढायचं नाही. पान 14 काळं छापायचं, वर पांढऱ्या अक्षरात 63. काळ्या पानाला शाई जास्त लागते, छपाईवाला कुरकुरेल. पंख सुटतानाचा क्षण केरविन-कॉनराडनी सांगितलाय, त्याचं साधं रेखाचित्र, दोर आणि दांडा. आणि पान 88 मामाच्या डोळ्यांनी. चूल, कढई, परात, कोपऱ्यात पेंगणारं पोर. छप्पर वरच्या कडेला एवढुसं.

चित्रकाराला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बरं. पैसे तेवढेच ना?"

11 जुलै, शुक्रवार

मुखपृष्ठाचा रंगीत प्रूफ तिसऱ्यांदा आला. शेवटच्या तुकडीनं निघताना काढलेला फोटो आहे, एकच पंख असलेलं, सावलीचं कापड पांघरलेलं घर. त्याच्या अंगाचं सोनेरी आधी मोहरीसारखं, मग शेणासारखं आलं होतं. आज जरा माणसात आलं. सही केली.

मामा कामासाठी पुण्यात आला होता, संध्याकाळी डोकावला. आज तीच तारीख, हे त्याच्या लक्षातही नव्हतं. पान 88 पुढं केलं. त्यानं कागद लांब धरला, मग जवळ घेतला. चुलीवर बोट ठेवलं, हसला. "आईचा पदर असाच असायचा, खोचलेला." मला वाटलं, झालं.

"पण ह्या शंकरपाळ्या आहेत."

"काय?"

"परातीत. बारक्या बारक्या. कापण्या मोठ्या असतात गं, आणि वर खसखस लाटलेली. हे दिवाळीचं काढलंय." कागद माझ्या हातात देत म्हणाला, "गोळा आला नाही ते बरं केलंस, पण हे बदल."

प्लेटा सोमवारी करायच्या आहेत. चित्रकाराला फोन लावला. त्यानं आयुष्यात कापणी पाहिलेली नाही, तो कोकणातला. "फोटो पाठवा," म्हणाला.

नेटवर पाहिलं, दहातल्या सहा शंकरपाळ्याच. आषाढ चालूच आहे. आईला विचारलं, अर्धा किलो कणकेला गूळ किती? खसखस तिनं आधीच काढून ठेवली होती.