तुम्ही विचारलंत म्हणून: ॲम्पशिवाय बेस कसा रेकॉर्ड करायचा?

"ॲम्प नाही, फ्लॅटमध्ये राहतो, शेजारी कटकट करतात. घरी बेस गिटार नीट रेकॉर्ड होईल का?" हा प्रश्न इतक्यांदा येतो की एकदाच सविस्तर उत्तर देतो. होईल. आणि ॲम्प (बेसचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर) असता तरी दहा बाय दहाच्या खोलीत तो बंदच ठेवा असं सांगितलं असतं.

कारण खोली. समोरासमोरच्या भिंतींत दहा फूट अंतर असलं की साधारण 56 हर्ट्झचा सूर त्यांच्यामध्ये घुमत राहतो. बेसची उघडी ए तार आहे 55 ची. म्हणजे ए वाजवला की खोली दणाणते, आणि शेजारचे सूर त्यापुढे फिके पडतात. माइक लावलात तर हा सगळा असमतोल फाइलमध्ये उतरतो आणि नंतर ईक्यूने (आवाजातला खर्ज किंवा वरचा भाग कमीजास्त करायच्या सोयीने) पुरता निघत नाही. भिंतीला फोमचे पातळ तुकडे चिकटवून काही होत नाही. खर्जाच्या लाटा मीटरांत मोजायच्या असतात, उघड्या ई तारेची लाट आठ मीटरहून लांब असते.

तेव्हा केबल थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे वाद्य कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यात. यात कमीपणा काही नाही. डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत तिथला बेसवादक जेम्स जेमर्सन याचा बेस असाच सरळ कन्सोलमध्ये (मिक्सिंगच्या टेबलात) जायचा.

इंटरफेसवर इन्स्ट्रुमेंटचं बटण असतं, ते दाबायला विसरू नका. पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) बेसच्या पिकअपला, म्हणजे तारांखालच्या चुंबकाला, पुढे साधारण दहा लाख ओहमचा इनपुट हवा. लाइन इनपुट दहा हजारांच्या आसपास असतो; त्यात घातलात की वरचा आवाज मरतो, बेस घोंगडी पांघरल्यासारखा वाजतो आणि लोक तारांना दोष देतात. ॲक्टिव्ह बेसची तऱ्हा वेगळी. त्यातली 9 व्होल्टची बॅटरी उतरत आली की आवाज चरचरतो आणि वाटतं गेन (इनपुटची पातळी) जास्त झाला. जॅक लावून ठेवला तर बॅटरी रात्रभर उतरत राहते, म्हणून वाजवून झालं की केबल काढा.

सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंगचा दर्जा 24 बिट, 48 किलोहर्ट्झ ठेवा. सगळ्यात जोरात वाजवाल तो ठोका उणे 10 डेसिबलच्या आसपास यावा, लाल दिवा कधीच नको. बफर (कॉम्प्युटर आवाज एका वेळी केवढ्या तुकड्यात हाताळतो ते) 128 सॅम्पल. त्याहून मोठा ठेवला की हेडफोनमध्ये सूर उशिरा येतो आणि नकळत तुम्ही तालाच्या पुढे पळायला लागता.

आता घूं, म्हणजे विजेची गुणगुण. आपली वीज 50 हर्ट्झची, आणि ई तारेचा तिसरा पडदा, म्हणजे जी, 49 चा. दोन्ही एकत्र आले की सूर सेकंदाला एकदा हेलकावे खातो, आणि ती घूं फिल्टरने काढायला गेलात तर जीही जातो. म्हणून ती मुळातच थांबवायची. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. गेली तर दोष चार्जरचा किंवा अर्थिंगचा. दोन सिंगल कॉइल (तारेचं एकच वेटोळं असलेल्या) पिकअपचा जॅझ बेस असेल तर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडा. ते एकमेकांची घूं खोडतात. एक थोडा कमी केलात की ती परत येते.

एवढं केल्यावर राहतो तो हात, आणि बेसच्या आवाजाचा मोठा हिस्सा तिथेच ठरतो. बोट पुलाजवळ (ब्रिज, जिथे तारा टेकतात) घेतलं की सूर आखूड आणि टोकदार, मानेकडे नेलं की गोल. गाण्याच्या मध्यात जागा बदलली तर दोन वेगळे बेस ऐकू येतात. न वाजणाऱ्या तारा अंगठ्याने आणि डाव्या हाताच्या मोकळ्या बोटांनी दाबून धरा, नाहीतर ए वाजवताना ई तार खाली गुरगुरत राहते. जमत नसेल तर पुलापाशी तारांखाली भांडी घासायचा स्पंज कापून घाला. सूर आखडतो, पण जुन्या गाण्यांना तो शोभतो. प्रत्येक टेकआधी ट्यूनर बघाच. पिकअप तारेच्या फार जवळ असेल तर चुंबक तार ओढतो आणि वरच्या पडद्यांवर सूर डगमगतो. ट्यूनरला त्यावर उपाय नाही, पिकअप स्क्रूने खाली घ्या.

मिक्सिंग थोडक्यात. 30 हर्ट्झखालचं कापा, पाच तारांचा बेस असेल तर थोडं आणखी खाली जाऊन. कंप्रेसर (जोरातले सूर दाबणारं साधन) 4:1, अटॅक (तो दाबायला लागायचा वेळ) 20 ते 30 मिलिसेकंद, जेणेकरून बोटाचा पहिला ठोका निसटेल. तीन ते सहा डेसिबल दबला की पुरे. खर्ज किती ठेवायचा हे मात्र खोलीतल्या स्पीकरवर ठरवू नका, ए तुम्हाला फसवेल. हेडफोन लावा, तुलनेला तुम्हाला पसंत असलेलं एखादं गाणं तेवढ्याच आवाजात ठेवा.

शेवटी मोबाइलवर ऐका. फोनच्या स्पीकरला दोनशे हर्ट्झखालचं जवळपास येतच नाही, म्हणून तिथे बेस गायब होतो. यावर खर्ज वाढवून उपयोग नाही. ट्रॅकची एक प्रत घ्या, तिच्यातलं दोनशेखालचं कापा, थोडं डिस्टॉर्शन (आवाज फाटल्यासारखा करणारा इफेक्ट) घाला आणि मूळ ट्रॅकखाली इतकी हळू मिसळा की ती आहे हे बंद केल्यावरच कळेल.